ध्यान, समाधी आणि भावना : एका शब्दाचा शोध



'मेडिटेशन' हा शब्द आज सर्वांच्याच तोंडी आहे. डॉक्टर रक्तदाबाच्या रुग्णाला 'मेडिटेशन करा' म्हणतात, शाळेत परीक्षेच्या आधी मुलांना डोळे मिटून बसवतात, वर्तमानपत्रांत शिबिरांच्या जाहिराती येतात. परंतु आपल्या विहारांत या शब्दावरून दोन मते ऐकू येतात. काही उपासक म्हणतात, ध्यानाशिवाय धम्म कोरडा आहे. काही तरुण म्हणतात, परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले, डोळे मिटून बसायला नव्हे. ध्यान हा साधू-बैराग्यांचा मार्ग आहे, तो आपला नाही.

दोन्ही बाजू तळमळीने बोलतात, म्हणून हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र दोन्ही बाजू 'ध्यान' हा एकच शब्द वापरतात आणि मनात अर्थ वेगवेगळे धरतात, असे आम्हाला वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या शब्दाचाच शोध घेण्याचे ठरवले. तो कुठून आला, बुद्धवचनात त्यासाठी कोणते शब्द आहेत, आणि मराठीत येता येता त्यांचे अर्थ कसे बदलले, हे समजले तर अर्धा वाद आपोआप मिटेल.

'मेडिटेशन' : मूळ अर्थ मनन

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. 'मेडिटेशन' हा शब्द लॅटिन भाषेतील 'मेदितारी' या क्रियापदापासून आला. विचार करणे, मनात घोळवणे, सराव करणे असे त्याचे अर्थ होत. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते 'मेद' या प्राचीन धातूशी जोडतात. मापणे, योग्य तो उपाय योजणे असा त्या धातूचा अर्थ आहे. बरे करणे या अर्थाचा लॅटिन शब्द 'मेदेरी' आणि त्यापासून झालेला 'मेडिसिन' हा शब्दही याच कुळातला. मनाचा विचार आणि शरीराचे औषध हे शब्दांच्या वंशावळीत चुलत भावंडे निघाले, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युरोपातील ख्रिस्ती मठांत या शब्दाला एक ठरावीक जागा होती. बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या कार्थुसियन साधूने आध्यात्मिक शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या. वाचन, मग मेडिटेशन, मग प्रार्थना आणि शेवटी ईश्वराचे शांत चिंतन. येथे मेडिटेशन म्हणजे वाचलेल्या धर्मवचनाचे मनन. पुढे १६४१ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द वापरला. त्यात श्वासावर लक्ष ठेवण्याचा काही संबंध नाही. एकामागून एक शंका घेत केलेला तो कसून विचार आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वान पालि आणि संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करू लागले, तेव्हा त्यांना ध्यान, समाधी, भावना, विपस्सना अशा अनेक शब्दांसाठी इंग्रजी शब्द हवे होते. हाताशी मेडिटेशन होता. त्यांनी त्या एकाच पिशवीत अनेक धान्ये भरली. ती पिशवी आपण परत भारतात आणली आणि आता आत कोणते धान्य आहे हे ओळखेनासे झाले.

धान्य निवडण्याची एक सोपी रीत बौद्ध परंपरेतच आहे. प्रज्ञा तीन प्रकारची सांगितली आहे. ऐकून-वाचून येते ती सुतमय प्रज्ञा, स्वतः विचार करून येते ती चिंतामय प्रज्ञा, आणि प्रत्यक्ष साधनेने अंगी बाणते ती भावनामय प्रज्ञा. युरोपातला जुना मेडिटेशन हा शब्द दुसऱ्या पायरीचा होता. भाषांतरकारांनी तो तिसऱ्या पायरीला लावला. म्हणून आजही कोणी मेडिटेशन म्हणजे विचार करणे समजतो, तर कोणी विचार बंद करणे समजतो.

झान, चान आणि झेन

आता 'ध्यान' पाहू. संस्कृतात 'ध्यै' म्हणजे चिंतन करणे, मन एका विषयावर लावणे. त्यापासून ध्यान झाले. पालि भाषेत त्याचे रूप 'झान'. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात झान शब्दाची दुहेरी फोड केली आहे. जे विषयाकडे निरखून पाहते ते झान, आणि जे विरोधी गोष्टींना जाळून टाकते तेही झान. विरोधी गोष्टी म्हणजे पाच नीवरणे, अर्थात मनाचे पाच अडथळे. कामवासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि संशय ही ती पाच होत.

हा शब्द भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला. तेथे त्याचे 'चान-ना' आणि मग नुसते 'चान' झाले. चीनमधून तो कोरियात 'सोन', व्हिएतनाममध्ये 'थिएन' आणि जपानमध्ये 'झेन' झाला. आज जगभर लोक मोठ्या कौतुकाने झेन म्हणतात, तो शब्द म्हणजे प्रवासात झिजलेला आपला ध्यानच.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ध्यान बुद्धापूर्वीही होते. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे गेले. त्या दोघांनी शिकवलेल्या ध्यानाच्या वरच्या अवस्था त्यांनी साध्य केल्या. तरीही दुःखाचा प्रश्न सुटला नाही म्हणून ते दोघांनाही सोडून पुढे गेले. पुढे देहदंडाचा मार्गही व्यर्थ ठरला, तेव्हा त्यांना बालपणीचा एक प्रसंग आठवला, असे मज्झिम निकायात आले आहे. वडील शेताच्या कामात असताना लहानगा सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या सावलीत बसला होता आणि त्याचे मन सहज पहिल्या ध्यानात स्थिरावले होते. हाच बोधीचा मार्ग असेल का, असा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला.

या दोन घटना एकत्र ठेवल्या की उत्तर मिळते. तथागतांनी ध्यान नाकारले नाही, तसेच नुसत्या ध्यानालाच मुक्ती मानले नाही. त्यांनी ते उचलून शील आणि प्रज्ञा यांच्या मध्ये बसवले.

मराठीत आल्यावर काय झाले?

आपल्या मराठी बोलण्यात ध्यान शब्दाने अनेक रूपे घेतली आहेत. 'ध्यानात ठेव' म्हणजे विसरू नकोस. 'ध्यानीमनी नसताना' म्हणजे अचानक. 'काय ध्यान आहे!' म्हणजे गबाळा किंवा विचित्र दिसणारा माणूस. संतांच्या भाषेत ध्यान म्हणजे ज्याच्याकडे पाहत राहावे ते देवाचे रूप. शिवाय 'बकध्यान' हाही शब्द आपल्याकडे आहे. खाडीच्या उथळ पाण्यात एका पायावर निश्चल उभा असलेला बगळा ज्याने पाहिला आहे, त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एकाग्रता पूर्ण आहे, पण ती मासोळीवर! नुसती एकाग्रता म्हणजे धम्म नव्हे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

'समाधी' या शब्दाचे तर फारच झाले. पालित समाधी म्हणजे चित्त एकत्र आणून नीट ठेवणे. 'सम्', 'आ' आणि ठेवणे या अर्थाचा 'धा' धातू मिळून तो बनला आहे. महाराष्ट्रात मात्र समाधी म्हटले की आळंदी आठवते, संताची किंवा थोर व्यक्तीची अंत्यविधीची जागा आठवते. त्यामुळे अष्टांगिक मार्गातील आठवे अंग 'सम्मा समाधी' असे वाचल्यावर नव्या वाचकाला ते संसार संपवण्याचे काहीतरी प्रकरण वाटते. प्रत्यक्षात ते जगत्या माणसाचे चित्त सुस्थिर करण्याचे अंग आहे.

'सति' या शब्दाचीही अशीच फसगत होते. तो 'स्मृती'चा पालि अवतार. स्मृती म्हणजे आपण जुनी आठवण समजतो. पण सति म्हणजे आत्ता काय चालले आहे याचे भान न सुटणे. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स या पालि पंडिताने त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला आणि तोच आज रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत पोचला आहे. 'विपस्सना' म्हणजे विशेष रीतीने, जसे आहे तसे पाहणे. 'समथ' म्हणजे मनाचे शमणे.

आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे 'भावना'. मराठीत भावना म्हणजे राग, लोभ, प्रेम, हळहळ. 'भावना दुखावल्या' असे आपण म्हणतो. त्यामुळे 'मेत्ता भावना' म्हणजे मैत्रीची हळवी भावना मनात आणणे, असा समज होतो. पालित तसे नाही. 'भू' म्हणजे होणे. त्याचे प्रयोजक रूप म्हणजे होऊ देणे, घडवणे, वाढवणे. जे आज नाही ते प्रयत्नाने अस्तित्वात आणणे याला भावना म्हणतात. हा जुना अर्थ मराठीत एका ठिकाणी अजून जिवंत आहे. वैद्य औषधाच्या चूर्णाला रसाची 'भावना देतात'. चूर्ण रसात भिजवून खलायचे, सुकवायचे, पुन्हा भिजवून खलायचे. असे वारंवार केल्यावर त्या रसाचा गुण चूर्णाच्या कणाकणात उतरतो. चित्त-भावना म्हणजे नेमके हेच. मैत्री, करुणा, जागृती यांच्या रसात मन पुन्हा पुन्हा खलायचे.

ज्याला आपण इंग्रजीत मेडिटेशन म्हणतो त्याला बौद्ध परंपरेचा सर्वांत जवळचा आणि व्यापक शब्द 'ध्यान' नसून 'भावना' आहे, हे या लेखात आम्हाला प्रामुख्याने सांगायचे आहे. आणि भावना ही विश्रांती नाही, ती मशागत आहे.

शेतकऱ्याला कळेल असा धम्म

मशागत हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाच्या ब्राह्मण शेतकऱ्याची कथा आहे. मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसेच करा, असे त्याने भिक्षेसाठी आलेल्या तथागतांना सुनावले. तेव्हा मीही शेतीच करतो असे सांगून तथागतांनी श्रद्धेला बी, प्रज्ञेला जू आणि नांगर, मनाला दोर आणि सतीला फाळ म्हटले. म्हणजे डोळे मिटणारा तो आळशी आणि नांगर धरणारा तो कष्टकरी, हा आक्षेप अडीच हजार वर्षांपूर्वीच घेतला गेला होता आणि त्याचे उत्तरही तेव्हाच मिळाले होते.

अष्टांगिक मार्गातील सम्मा वायाम, म्हणजे सम्यक व्यायाम, चार प्रयत्नांचा सांगितला आहे. संवर, पहान, भावना आणि अनुरक्खण. पाठांतरात ही चार नावे विद्यार्थ्यांना जड जातात. सफाळे-केळवे भागातील खाडीकाठच्या भातशेतीवरून ती चटकन समजतील.

खारजमिनीचा शेतकरी आधी बांध घालतो. भरतीचे खारे पाणी एकदा शेतात शिरले की पीक गेले. हा झाला संवर, म्हणजे जे अकुशल अजून मनात आलेले नाही त्याला येऊ न देणे. मग शेतात उगवलेले तण तो उपटून टाकतो. हे झाले पहान, म्हणजे आलेले अकुशल काढून टाकणे. मग तो रोपे तयार करतो आणि चिखलात लावणी करतो. ही झाली भावना, म्हणजे जे कुशल नव्हते ते निर्माण करणे. शेवटी पीक तयार होईपर्यंत तो पाखरे आणि गुरे राखतो. हे झाले अनुरक्खण, म्हणजे आलेले कुशल टिकवून वाढवणे.

आता पाहा, यातील एकच काम करून भागेल का? बांधच नसेल तर लावणी व्यर्थ आहे. पंचशील पाळायचे नाही, घरात दारू आणि विहारात डोळे मिटणे चालू, अशा ध्यानाची हीच गत होते. उलट नुसता बांध घालून शेत मोकळे ठेवले तर तण माजते. मी काही वाईट करत नाही, एवढ्यावर समाधान मानणाऱ्याची ही स्थिती आहे.

अंगुत्तर निकायात आणखी एक दृष्टान्त आहे. शेतकरी वेळेवर नांगरतो, वेळेवर पेरतो, वेळेवर पाणी घेतो आणि सोडतो. पण आज अंकुर फुटू दे, उद्या कणीस येऊ दे, परवा पिकू दे, असा हुकूम तो पिकाला देऊ शकत नाही. दहा दिवस बसलो, अजून शांती मिळाली नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा दृष्टान्त ध्यानात ठेवावा. त्याच निकायात होडीचाही दाखला आहे. पाण्यात वापरलेली होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की तिचे दोर ऊनवाऱ्याने विरतात आणि पावसात भिजून कुजत जातात. साधकाची बंधनेही तशीच हळूहळू, त्याच्या नकळत सैल पडतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या होड्या पाहणाऱ्या आपल्या लोकांना यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते हवे?

आपल्याच किनाऱ्यावरचे दोन साधक

हे सर्व दूर मगध देशातले, आपल्या भागाशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांनी नालासोपाऱ्याहून गाडीत बसावे. विरार, वैतरणा आणि मग सफाळे; इतक्या अंतरावर प्राचीन सोपारा बंदर आहे. पालि ग्रंथांतले सुप्पारक ते हेच. येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा सोडून राजाने धम्मयात्रा सुरू केल्याचे त्या आठव्या लेखात सांगितले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले आणि आतून बौद्ध स्तूप बाहेर आला. त्यातील दगडी पेटीतल्या आठ लहान ब्राँझ मूर्ती आणि इतर वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपून ठेवल्या गेल्या.

या सुप्पारकच्या समुद्रकिनारी बाहिय दारुचीरिय नावाचा तपस्वी राहत असे, असे उदान ग्रंथात आहे. तो झाडाच्या सालीची वस्त्रे नेसे, म्हणून दारुचीरिय. लोक त्याला फार मान देत आणि आपण अर्हत आहोत असे त्यालाही वाटू लागले होते. ते खरे नाही हे लक्षात आल्यावर तो तडक श्रावस्तीला निघाला. तथागत भिक्षेसाठी रस्त्यात होते. बाहियने तेथेच उपदेश मागितला. ही वेळ योग्य नव्हे, असे तथागतांनी दोनदा सांगितले. आयुष्याचा भरवसा नाही, असे म्हणून त्याने तिसऱ्यांदा विनवले. तेव्हा तथागतांनी थोडक्यात उपदेश केला. दिसेल ते दिसण्यापुरते, ऐकू येईल ते ऐकण्यापुरते, जाणवेल ते जाणवण्यापुरते राहू द्यावे, त्यावर 'मी' आणि 'माझे' यांचा मजला चढवू नये, असा त्याचा आशय आहे. बाहियला भर रस्त्यात बोध झाला. थोड्याच वेळात वासराच्या गाईने मारल्यामुळे त्याचा अंत झाला. शीघ्र आकलन करणाऱ्या शिष्यांत तथागतांनी त्याला अग्रस्थान दिले.

येथे मांडी नाही, मंत्र नाही, अगरबत्ती नाही. पाहणे आणि ऐकणे यांतली शुद्धी एवढेच आहे. सवर्ण काय म्हणाला, साहेब काय म्हणाला, शेजारीण काय म्हणाली, या प्रत्येक शब्दावर आपण मनात किती मजले चढवतो, हे ज्याचे त्याने पाहावे. अन्यायाचा प्रतिकार करायचाच, परंतु शांत डोक्याने केलेला प्रतिकार अधिक नेमका बसतो.

दुसरे साधक पुण्ण. सुनापरान्त म्हणजे हाच पश्चिम किनारा. अट्ठकथा आणि दिव्यावदान हे ग्रंथ पुण्णाचे नाते सोपाऱ्याशी जोडतात. मज्झिम निकायातील सुत्तात तथागत त्यांना आधी डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन यांच्या विषयांत न गुंतण्याचा उपदेश करतात. मग विचारतात, कुठे राहणार? पुण्ण सुनापरान्ताचे नाव घेतात. तेथील लोक उग्र आहेत, शिव्या देतील. पुण्ण म्हणतात, हाताने मारत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा मानीन. हाताने मारले तर? ढेकळे मारत नाहीत हे चांगले. असे करत प्रश्न काठी, शस्त्र आणि शेवटी मृत्यूपर्यंत जातो आणि पुण्ण डगमगत नाहीत. तेव्हाच तथागत त्यांना जाण्याची अनुज्ञा देतात. त्याच वर्षावासात पुण्णांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या, असे सुत्त सांगते.

साधनेची परीक्षा कशी घेतली ते पाहा. किती तास बसता, काय प्रकाश दिसला, हे तथागतांनी विचारले नाही. लोक शिव्या देतील तेव्हा काय कराल, हे विचारले. ध्यानाचे मोजमाप आसनावर होत नाही, वस्तीत होते. आणि ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याने वस्तीत जाऊन संघटनच केले.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थांनी आळार कालामांकडे ध्यानमार्ग शिकल्याचे आणि नंतर गया येथे चाळीस दिवस पुरेल इतके अन्न बरोबर घेऊन चार आठवडे चिंतन केल्याचे वर्णन आहे. अन्न घेऊन बसले, उपाशी नाही, हा तपशील बाबासाहेबांनी मुद्दाम दिला आहे, असे आम्हाला वाटते.

त्याच ग्रंथात अष्टांगिक मार्ग समजावताना ते समाधी आणि सम्मा समाधी यांत स्पष्ट फरक करतात. नुसती समाधी म्हणजे केवळ एकाग्रता. तिच्यामुळे मनाचे पाच अडथळे तात्पुरते दबतात, पण मनाला वळण लागत नाही. सम्मा समाधी ही विधायक आहे. ती एकाग्र मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते आणि चांगले करण्याची प्रेरक शक्ती देते. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी भिक्षूविषयीही प्रश्न टाकला आहे. भिक्षू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक व्हावा? त्यांचा कल कुठे होता हे सांगायला नको.

म्हणजे बाबासाहेबांचा विरोध बगळ्याच्या ध्यानाला आहे, शेतकऱ्याच्या भावनेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अकरावी प्रतिज्ञा अष्टांगिक मार्गाचे पालन करण्याची आहे. त्या मार्गाचे सहावे, सातवे आणि आठवे अंग म्हणजे सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. ही तीन अंगे गाळून पाचच अंगांचा मार्ग चालण्याची मुभा त्या प्रतिज्ञेत नाही. तसेच पहिली पाच अंगे गाळून फक्त आठव्यावर बसण्याचीही नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हा विषय आपल्या भाषेत आणण्याचे मोठे श्रेय गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना आहे. त्यांनी सिंहल आणि ब्रह्मदेश येथे जाऊन पालि आणि साधना दोन्ही शिकली, 'समाधिमार्ग' हे पुस्तक लिहिले आणि विसुद्धिमग्गाचे संपादन केले. पुढे १९६९ साली सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांची विपश्यना परंपरा भारतात आणून मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र त्यातूनच उभे राहिले, आणि २००९ साली गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा खुला झाला. गोयंकाजींचे २०१३ साली निधन झाले, पण शिबिरे चालू आहेत. कोणी तेथे जावे, कोणी विहारात बसावे. पद्धतीवरून भांडण्याचे कारण नाही. मशागत होते की नाही एवढे पाहावे.

विद्यार्थ्यांनी आणि कामकऱ्यांनी काय करावे?

रोज दहा मिनिटे पुरेत. पाठ ताठ ठेवून जमिनीवर किंवा खुर्चीवर बसावे. श्वास मुद्दाम लांबवू नये, रोखू नये. नैसर्गिक येतो-जातो तो फक्त जाणावा. मन पळेल. ते पळाले हे कळणे हीच सति, आणि न चिडता परत आणणे हाच व्यायाम. शेवटची दोन मिनिटे मैत्री भावनेला द्यावीत. आधी स्वतःचे, मग घरच्यांचे, मग अनोळखी माणसाचे आणि शेवटी ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे मंगल चिंतावे. उठताना त्या दिवशी करायचे एक कुशल काम ठरवावे. ते काम संध्याकाळी झाले की नाही ते पाहावे. बाबासाहेबांच्या सम्मा समाधीचा हा रोजचा हिशेब.

ज्यांना पहाटेची गाडी पकडायची असते, भाजीची पाटी घेऊन मुंबई गाठायची असते, त्या भगिनी म्हणतील, आम्हाला दहा मिनिटे तरी कुठून मिळणार? सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, जेवणे, बोलणे आणि गप्प राहणे या सर्वांत भान ठेवण्याची शिकवण आहे. थेरी पटाचारेला पाय धुताना वाहत जाणाऱ्या पाण्याकडे पाहता पाहता मार्ग सापडला आणि दिवा मालवताना चित्त मुक्त झाले. गाडीच्या गर्दीत उभ्या उभ्या चार श्वास जाणता येतात. रेल्वेचे रूळ ओलांडताना मात्र डोळे उघडे, कान उघडे आणि मोबाईल खिशात. तेथे हीच खरी सति!

एक सावधगिरीची सूचना. ध्यान हे औषधाला पर्याय नाही. झोप उडणे, सतत उदास वाटणे, भास होणे, जीव नकोसा होणे अशी लक्षणे असतील तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. चालू औषधे ध्यानासाठी बंद करू नयेत. आजार लपवून कोणालाही शिबिरात पाठवू नये. तथागतांनी आजारी भिक्षूची स्वतः शुश्रूषा केली होती. त्याला नुसते ध्यान कर म्हटले नव्हते.

तेव्हा पुढच्या रविवारी विहारात कोणी विचारले की ध्यान आपले की परक्यांचे, तर आपण त्याला शब्दाचा अर्थ सांगावा. बगळ्याचे ध्यान आपले नाही. संसाराला पाठ फिरवणारी समाधी आपली नाही. परंतु बांध घालणारी, तण काढणारी, रोप लावणारी आणि पीक राखणारी भावना आपली आहे. शिकायला स्थिर मन लागते, संघटित व्हायला मैत्री लागते आणि संघर्षाला न डगमगणारे धैर्य लागते. ही तिन्ही पिके याच शेतात येतात.

नमो बुद्धाय! जय भीम!